स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा? पर्यटनातल्या प्रमाणपत्रांबद्दल

मागच्या महिन्यात मामाने मला कामाला लावलं. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना त्याचं फार्महाऊस आहे, चार खोल्यांचं. "तू इंजिनीअर ना, मग ते सरकारी प्रमाणपत्राचं बघ की जरा." म्हणून वाचायला बसलो.

तर पहिली गोष्ट, सगळ्या पर्यटन व्यवसायांना लागू पडेल असं एकच राष्ट्रीय प्रमाणपत्र आपल्याकडे नाहीये. हॉटेलांना स्टार केंद्रीय पर्यटन मंत्रालय देतं. समिती येऊन पाहते, दर्जा 5 वर्षं टिकतो, पण अर्ज करणं ऐच्छिक. घरगुती मुक्कामासाठी 'इनक्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट' आहे: 1 ते 6 खोल्या, गोल्ड किंवा सिल्व्हर, आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहायला हवं. मामा राहतो अंबरनाथला. विषय संपला! कृषी पर्यटनासाठी राज्याचं 2020 चं धोरण आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे.

मला सगळ्यात रस वाटला तो 'साथी'मध्ये. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, मंत्रालय आणि क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी हे आणलं. आधी आपण स्वतःच जाहीर करायचं की नियम पाळतो, मग वेबिनार, आणि हवी असेल तर प्रत्यक्ष तपासणी. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड माझा, टेस्टही माझी, आणि सगळं हिरवं! पण देशभरातल्या लाखो छोट्या धंद्यांकडे तपासनीस पाठवायचा तर खर्च कोण करणार, हेही आहेच.

मग मी मामासाठी स्वतःची एक यादी केली. फोनवर त्याने सगळ्याला "हो, आहे" म्हटलं. रविवारी गेलो. प्रथमोपचार पेटी होती, आत मुदत संपलेलं मलम. अग्निशामक नळकांडं धान्याच्या पोत्यांमागे. आणि मागच्या खोलीपासून वीस पावलांवर ओढा. कुंपण नाही, दोर नाही, पाटी नाही. कोंडेश्वरला पावसाळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच ना?

मामा खोटं बोलला नव्हता बरं का. रोज बघून बघून त्याला ओढा दिसतच नव्हता. म्हणून मला वाटतं, चादरी-टॉवेलचा दर्जा खुशाल मालकाने सांगावा. पाणी, आग आणि वीज मात्र बाहेरच्या माणसानेच येऊन बघावी, आणि ते ऐच्छिक नको. फी खोल्यांच्या हिशोबाने घ्या.

मामा दोन दिवस फुगून होता. आता मागची खोली पावसाळाभर बंद ठेवलीय. फॉर्म अजून भरलेला नाही.