धात्रीच्या छायेतील पंगत

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या, अंगणातल्या रांगोळ्या पुसट झाल्या आणि सकाळच्या हवेत गारवा स्थिरावला, की आमच्या साताऱ्याकडील घरांतून आवळीभोजनाची बोलणी सुरू होतात. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत सोयीचा दिवस पाहून, माहेरवाशिणी, भाचरे आणि शेजारपाजार यांसह गावाबाहेर एखाद्या आवळीखाली जावे, बुंध्याला पाणी घालून हळदकुंकू वाहावे, सुताचे फेरे गुंडाळावे, राधादामोदराची पूजा करून नैवेद्य दाखवावा आणि मग त्याच छायेत पंगत मांडून मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी व आवळ्याची चटणी असे साधेच जेवण घाई न करता जेवावे, असा हा शिरस्ता आहे. जेवताना आवळीचे पान आपल्या पत्रावळीत पडले तर ते शुभ, असे माझी आई सांगे, आणि आम्ही भावंडे वाऱ्याची झुळूक येण्याची वाट पाहत हातातला घास तसाच धरून बसत असू.

या वृक्षाला संस्कृतात आमलकी म्हणतात, तसेच धात्री असेही म्हणतात. धात्री म्हणजे दाई, आपले दूध पाजून दुसरीचे मूल वाढविणारी, आणि त्याच शब्दाने पृथ्वीचाही बोध होतो. फळाचे गुण वैद्यकाने पुष्कळ वर्णिले आहेत, आणि च्यवनप्राशाचा तर ते आधारच आहे. पण मला या झाडाची एक निराळीच गोष्ट अधिक विलक्षण वाटते. वसंतात आवळीला बारीक, हिरवट-पिवळा फुलोरा येतो, फलधारणाही होते; परंतु ते इवलेसे फळ सारा उन्हाळाभर झोपी गेल्यासारखे तसेच राहते, आणि पावसाळा अंगी लागल्यावरच वाढू लागून कार्तिकाच्या सुमारास हाती येते. झाडाकडे पाहणाऱ्याला त्या मधल्या महिन्यांत फांदीवर काही आहे असे वाटतही नाही.

ही एवढी माहिती मी मुद्दाम मिळविली, कारण तीन वर्षे मला आवळीकडे नुसते पाहणेही जड गेले होते. आमची थोरली मुलगी २००८च्या श्रावणात पाच दिवसांच्या तापाने गेली. तिला सातवे वर्ष पुरे झाले होते. आवळीभोजनावर तिची सर्वांत अधिक मालकी असे. कच्चा आवळा दातांनी फोडायचा, तुरटपणाने डोळे घट्ट मिटून घ्यायचे, आणि मग तांब्यातले पाणी पिऊन ते गोड लागते की नाही हे पंगतीतल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारायचे, हा तिचा दरवर्षीचा कार्यक्रम. ती गेल्यावर सहल बंद पडली. कोणी ठराव करून बंद केली नाही. पहिल्या वर्षी कोणी विषय काढला नाही, दुसऱ्या वर्षी सर्वांनी न काढण्याची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तीच घरातली वहिवाट झाली.

लहान मूल गेलेल्या घराला आपल्या परंपरेने फारसे काही करायला दिलेले नाही, हे मी दूषण म्हणून नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून सांगतो. दोन वर्षांच्या आतील बालकास सुशोभित करून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे, त्याला अग्निसंस्कार नाही, उदकदान नाही, असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. बालमृत्यू घरोघर घडत होते त्या काळी आईबापांनी शोकात फार गुंतून पडू नये, हा हेतू त्यामागे असणे शक्य आहे. आमची मुलगी त्या वयाच्या पुढची होती, तरीही वर्षश्राद्धाविषयी विचारले तेव्हा, अविवाहित कन्येचे आपल्याकडे करीत नाहीत, असे आमच्या गुरुजींनी मोठ्या हळुवारपणे सांगितले. त्या बिचाऱ्यांचा आवाजही भरून आला होता. आजोबांना वर्षातून एकदा पान वाढता येते, त्यांच्या आवडीची खीर करता येते. सात वर्षांच्या मुलीसाठी मात्र पंचांगात तिथी नाही. दाखला मिळाला, शिधापत्रिकेवरील तिच्या नावावर तांबडी रेघ आली, शाळेच्या हजेरीपटावरून नाव कमी झाले, आणि दप्तरी तिचे प्रकरण निकालात निघाले.

निदान मला तसे वाटत होते. पण मी शिक्षक. २०११च्या फेब्रुवारीत जनगणनेचा प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली, आणि घरोघर हिंडून तो मोठा तक्ता भरीत असताना, विवाहित स्त्रियांना विचारावयाच्या दोन बाबींपाशी माझा हात थबकू लागला. सध्या हयात अपत्ये किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली अपत्ये किती, असे ते दोन निरनिराळे रकाने होते. सरकारला त्यांवरून जननप्रमाण आणि बालमृत्यूचे प्रमाण काढावयाचे असते, हे आम्हांला समजावून सांगितलेच होते; पण उंबऱ्यात बसून तो प्रश्न विचारणाऱ्याला वेगळेच दिसते. पासष्टीची एक बाई, जिने पहिल्या रकान्यासाठी चटकन ‘चार’ सांगितले होते, दुसऱ्या प्रश्नावर क्षणभर गप्प झाली, पदर सारखा केला, आणि ‘सहा’ म्हणून लगेच त्या दोघांची नावेही तिने सांगितली. नावांसाठी तक्त्यात जागा नव्हती. चाळीस वर्षांत ती तिला कोणी विचारली नसावीत.

आमच्या घरी गणनेला दुसऱ्या शाळेतील एक बाई आल्या. मी घरी नव्हतो. मुलांच्या आईने एका रकान्यात एक आणि दुसऱ्यात दोन लिहविले, आणि संध्याकाळी मला एवढेच म्हणाली, “आज दोन सांगता आलं.”

शोकाविषयी विचार करणाऱ्यांनीही याच दोन रकान्यांपाशी बराच काळ घालविला आहे. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य होय, असे फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मांडले. पुढे १९२० मध्ये त्याची स्वतःची कन्या सोफी इन्फ्लुएंझाने गेली, आणि नऊ वर्षांनी, तिच्या छत्तिसाव्या जन्मदिनी, पुत्रशोक झालेल्या एका स्नेह्याला लिहिताना, अशा माणसाची जागा दुसऱ्या कशानेही भरून येत नाही, हे त्याने मान्य केले. गेलेल्याशी नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते आणि त्यात विकृती नाही, ही भूमिका अभ्यासकांनी १९९०नंतर अधिक स्पष्टपणे घेतली. हे पटण्यासाठी मला डार्विनच्या घरामागची पायवाट अधिक उपयोगी पडली. त्याच्या दहा अपत्यांपैकी तीन लहानपणीच गेली. त्यांतली ॲनी दहा वर्षांची होऊन २३ एप्रिल १८५१ रोजी माल्वर्न गावी, जलोपचार चालू असता वारली. आई एमा गरोदर असल्यामुळे घरीच होती, आणि मुलीच्या दफनाच्या वेळी मातापित्यांपैकी कोणीही तेथे नव्हते. आठवड्याने डार्विनने तिच्याविषयी एक टिपण लिहिले, आणि त्यात ही पायवाट येते: तो झपाझप चालत असताना ॲनी पुढे पळून गिरक्या घेत असे. मला विशेष वाटते ते हे, की ती वाट त्याने सोडली नाही. पुढची तीस वर्षे तो तेथेच फेऱ्या घालीत राहिला, आणि त्याची उरलेली मुले त्याच झाडांखाली खेळून मोठी झाली.

म्हणून त्या वर्षी, २०११च्या कार्तिकात, मीच विषय काढला. यवतेश्वराच्या डोंगरउतारावर, जेथून खाली सारा सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसतो, तेथे आम्ही दोन भावांची कुटुंबे, बहीण आणि आई असे गेलो. गवत पिवळे पडले होते. धाकटा तेव्हा सातव्या वर्षात होता; ताई त्याला फारशी आठवतही नव्हती, तरी आवळा फोडल्यावर त्याने डोळे मिटले ते अगदी तसेच, आणि माझ्या आईने त्याच्या हातचा तांब्या काढून घेऊन, “तुझी ताई आधी मला विचारायची हो, गोड लागतं का म्हणून,” असे म्हटले. तीन वर्षांत घरात ते नाते असे सहज कोणी उच्चारले नव्हते. मग प्रत्येकाला काहीतरी आठवले. माझी बहीण हसता हसता रडली, मुलांनी आणखी गोष्टी मागितल्या, भात निवून गेला. ज्या घरातले मूल गेले आहे त्या घराबरोबर आपण कधी सहलीला गेलात, तर कृपा करून त्या मुलाचे नाव टाळू नका. ते ऐकून आईबापांना दुःख आठवेल ही भीती निरर्थक आहे, कारण ते विसरलेलेच नसते.

पलीकडच्या आवळीखाली दुसरी एक पंगत होती. हात धुवायला गेलेल्या आमच्या मंडळींपैकी मुलांच्या आईला तिथल्या एका पोक्त बाईंनी, बायका विचारतात तसे सहज विचारले, “वहिनी, तुम्हांला मुलं किती?” हा प्रश्न मी तीन वर्षे लग्नकार्यांत दुरून ऐकला होता, आणि ‘एक’ हे उत्तर देऊन घरी आलेली आई त्या रात्री जेवत नाही, हेही पाहिले होते.

“दोन झाली,” ती म्हणाली. “थोरली सात वर्षांची होऊन गेली. हा धाकटा.”

त्या बाई काही बोलल्या नाहीत. मग आपल्या पिशवीतून सुताची गुंडी काढून त्यांनी विचारले, “तुमचे फेरे झाले?” आमचे झाले होते. तरी ती उठली, आणि दोघींनी एकाच सुताने त्या दुसऱ्या झाडाला फेरे घालायला सुरुवात केली. एक गुंडी धरून पुढे, दुसरी सूत सैल सोडीत मागे.