चित्रकाराचा नित्यनेम आणि नगराची नजर

मराठेशाहीच्या निशाणाचे नाव धारण करणारी नागपूरची जरीपटका ही वस्ती नावारूपाला आली ती १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांच्या कष्टांमुळे. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांनी रोज सकाळी दुकान उघडण्याचा नेम मोडला नाही आणि त्या नेमातूनच उत्तर नागपुरातील एक गजबजलेली बाजारपेठ उभी राहिली. गिऱ्हाईक येवो अथवा न येवो, दुकानाची फळी वेळेवर उघडलीच पाहिजे, हा व्यापाराचा पहिला पाठ होय. चित्रकाराचे जीवनही याच पाठावर चालते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

चित्रकार म्हटला की स्फूर्तीची वाट पाहत बसलेला एक लहरी माणूस सामान्यतः लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. गवयाने पहाटे खर्ज लावावा तसा चित्रकाराला हात रोज चालवावा लागतो. कागद ताणून बसवणे, रंग कालवणे, कालचे काम आजच्या उजेडात तपासणे आणि बहुधा ते पुसून पुन्हा आरंभ करणे, असा हा दिनक्रम असतो. नागपूरसारख्या शहरात तर ऋतूही त्याला शिस्त लावतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा जलरंगाचा हात कागदावर पसरण्यापूर्वीच वाळू लागतो. म्हणून ऊन चढण्याच्या आत काम उरकावे लागते. पावसाळ्यात उलट प्रकार होतो. हवेतील ओलाव्यामुळे कागद सादळतो आणि रंग लवकर सुकत नाही. यातले काहीही प्रदर्शनातील चौकटीत दिसत नाही. परंतु ती चौकट या अदृश्य दिवसांच्या बेरजेतूनच सिद्ध झालेली असते.

या नित्यनेमाचे सर्वांत मोठे उदाहरण शोधण्यासाठी नागपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. मंडला जिल्ह्यातील वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा १९३९ मध्ये नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि १९४३ पर्यंत येथे शिकला. पुढे जगाने त्याला सय्यद हैदर रझा या नावाने ओळखले. प्राथमिक शाळेत असताना त्यांचे चित्त स्थिर राहीना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत राहण्यास सांगितले, ही आठवण रझा स्वतः सांगत असत. मुंबईस गेल्यावर त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली. दिवसाचा वेळ पोटासाठी गेला तरी उरलेला वेळ त्यांनी चित्रासाठी राखला. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. बालपणीचा तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो त्यानंतर सुमारे पाव शतकाने. दशकानुदशके रोज काम करीत राहिल्याविना तो गवसला असता असे मानण्यास आधार नाही. २०१० च्या अखेरीस भारतात परतल्यावर, वयाची नव्वदी ओलांडल्यानंतरही त्यांचा कुंचला चालूच होता. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यातच, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

दुसरे उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचे. मूळ गोमंतकीय घराण्यातील या चित्रकाराचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात झाला. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. एवढ्यावरून त्यांना आळशी ठरवणाऱ्यास त्यांच्या कामाची रीत कळली नाही असेच म्हणावे लागेल. कॅन्व्हासपुढे मूकपणे बसणे, मनात चित्र मुरू देणे, मग रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवणे व उतरवणे, असा त्यांचा क्रम होता. रिकामा दिसणारा दिवसही त्यांच्या लेखी कामाचाच असे. रझांचा अखंड हात आणि गायतोंड्यांची अखंड प्रतीक्षा ही एकाच नित्यनेमाची दोन रूपे होत.

आता प्रश्न असा की, या दोघांशी ज्या नगराचे नाते आहे, त्या नगराने चित्रकाराच्या या नेमाला कोणता प्रतिसाद दिला? गायतोंड्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात भरले. रझांचे मोठे प्रदर्शन २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंड्यांचे १९७० चे एक चित्र लिलावात सुमारे ६७ कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा हा आकडा घरोघर चर्चिला गेला. आकड्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु ते चित्र पाहण्याची ओढ किती जणांना वाटली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चित्राची किंमत वाचून माहीत होते. चित्र मात्र पाहूनच कळते, आणि पाहण्याची सवय लिलावाच्या बातम्यांनी लागत नाही.

ती सवय लागते गावातल्या प्रदर्शनांनी. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली आणि गेली सत्तर वर्षे महाराष्ट्रातील प्रत्येक चित्रकाराचे डोळे तिच्याकडे लागलेले आहेत. तेथे दालन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. मिळाल्यावर चित्रांची ने-आण, राहणे, छपाई यांचा खर्च वेगळाच. विदर्भातील सामान्य कलाशिक्षकाला हे झेपणारे नाही. १९८६ मध्ये नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले आणि सिव्हिल लाइन्समधील त्याच्या दालनामुळे स्थानिक चित्रकारांना हक्काची जागा लाभली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. त्याच परिसरातील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’, १८६३ पासून उभे आहे. जागा आहे, परंपराही आहे. उणीव आहे ती येणाऱ्या पावलांची.

स्थानिक प्रदर्शनाचे चित्र सर्वांना परिचित असावे. वर्षभराच्या कामातून वीस-पंचवीस चित्रे निवडायची, पदरमोड करून चौकटी करवून घ्यायच्या, निमंत्रणपत्रिका वाटायच्या. उद्घाटनाला पाहुणे, पुष्पगुच्छ आणि छायाचित्रे यांची रेलचेल होते. दुसऱ्या दिवसापासून दालनात शुकशुकाट असतो. चित्रकार दाराशी अभिप्रायाची वही उघडून बसलेला दिसतो. आलेला माणूस दोन मिनिटांत फेरी मारून ‘छान’ असे लिहितो आणि निघून जातो. विक्री न होण्याचे दुःख चित्रकार पचवतो. पण कोणी थांबून पाहिलेच नाही, हे शल्य त्याला आतून पोखरते. अशा दोन-तीन प्रदर्शनांनंतर अनेकांचा नेम सुटतो, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, खरी गुणवत्ता असेल तर ती मुंबईत वा दिल्लीत आपोआप प्रकट होईल. गावोगावची प्रदर्शने केवळ सामान्य कामाला प्रोत्साहन देतात. आक्षेप वरवर सबळ वाटतो. परंतु रझांनाही आरंभीचे शिक्षण नागपुरातच मिळाले होते. शिवाय प्रत्येकाने गाव सोडलेच पाहिजे असा नियम नाही. भाऊ समर्थ नागपुरातच राहिले, चित्रे काढीत राहिले आणि चित्रकलेविषयी लिहीतही राहिले. सामान्य आणि असामान्य यांतील भेद ओळखण्यासाठी आधी दोन्ही पाहावे लागते. ज्या गावात चित्रे दिसतच नाहीत, त्या गावाला गुणवत्तेची पारख येणार कशी? चांगला श्रोता जसा गवयाला सावध ठेवतो, तसा जाणता प्रेक्षक चित्रकाराला सैल पडू देत नाही. दालनाचे खरे कार्य हेच आहे.

म्हणून दालन प्रेक्षकाची वाट पाहत सिव्हिल लाइन्समध्ये बसून राहिले तर भागणार नाही. चित्रांनी वस्त्यांकडे गेले पाहिजे. नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमधील एखाद्या वाचनालयाची अथवा शाळेची एक खोली, स्वच्छ भिंती आणि नीट प्रकाश यांसह, महिन्यातून एक आठवडा स्थानिक चित्रकारासाठी राखून ठेवण्यास फार मोठा निधी लागणार नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना राज्यातील असंख्य मुले बसतात. त्यांपैकी किती मुलांनी खऱ्या चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहून ते पाहिले असेल? कला-शिक्षकांनी मुलांना या दालनात आणावे आणि चित्रकाराने त्यांच्यासमोर बसून काम करावे, एवढे जरी झाले तरी पुढच्या पिढीचा प्रेक्षक घडू लागेल. बँका, सहकारी संस्था आणि व्यापारी संघटना यांनी दरसाल एक जरी स्थानिक चित्र विकत घेऊन आपल्या भिंतीवर लावले, तर चित्रकाराला बक्षिसापेक्षा अधिक आधार मिळेल.

आणि याचा प्रारंभ जरीपटक्यातूनच व्हावयास काय हरकत आहे? शेजारच्या इंदोऱ्यासह हा परिसर शिकणाऱ्या, धडपडणाऱ्या माणसांचा आहे. गिऱ्हाईक नसतानाही फळी उघडण्याचे मोल या वस्तीला कोणी शिकवावयास नको. तिच्याच एखाद्या गल्लीत, पहाटेच्या उजेडात, एखादा चित्रकार आजही कागद ताणून बसलेला असेल. त्याला सत्कार नको आहे. बाजारातून घरी परतणारा माणूस दहा मिनिटे थांबावा आणि त्याने त्याचे चित्र मनापासून पाहावे, इतकेच त्याचे मागणे आहे.