‘टीका’ : विवरण आणि दोषदर्शन

‘टीका’ हा शब्द आजच्या मराठीत बहुधा दोषदर्शन या अर्थी योजिला जातो. संस्कृत परंपरेत मात्र ग्रंथातील दुर्बोध पदांचा व वाक्यांचा अर्थ उलगडून दाखविणारे विवरण म्हणजे टीका. मल्लिनाथाची ‘रघुवंशा’वरील ‘संजीवनी’ ही अशी टीका होय. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ‘भावार्थदीपिके’च्या अखेरीस त्या ग्रंथास ‘टीका’ असेच म्हटले आहे, आणि तेथील क्रियापद ‘करणे’ हेच आहे. ‘ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली’ हे विधान म्हणूनच परंपरेच्या दृष्टीने निर्दोष, पण आजच्या वाचकास चकविणारे ठरते.

हे अर्थांतर मुळाशी अगदी विसंगत आहे असे नाही. विवरणात निवड असते व निवडीत निवाडा असतो. सातशे श्लोकांचा विस्तार सुमारे नऊ हजार ओव्यांत करताना ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे सविस्तर वर्णन केले. वामनपंडितांनी आपल्या गीताटीकेस ‘यथार्थदीपिका’ हे नाव दिले. ‘गीतारहस्या’त (१९१५) टिळकांनी पूर्वीच्या सांप्रदायिक टीकाकारांचा अर्थ नाकारला. तेथे ‘टीकाकार’ म्हणजे अर्थ लावणारा, निंदक नव्हे. तथापि एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांतून नव्या ग्रंथांचे गुणदोषविवेचन होऊ लागले व त्यासही हाच शब्द लागू झाला. पुढे तो ग्रंथावरून व्यक्तीकडे व कृतीकडे वळला. त्या प्रवासात गुण गळाले आणि दोष तेवढे उरले.

आजच्या भाषेत दोन्ही अर्थ नांदतात. त्यांची निवड सोबतचे शब्द करतात. टीका ‘लिहिली’ म्हणजे विवरण. टीका ‘सोसली’ वा ‘ओढवली’ म्हणजे दोषदर्शन. ‘केली’ हे क्रियापद मात्र संदिग्ध असून तेथे कर्म पाहावे लागते : ग्रंथ असल्यास दोन्ही अर्थ संभवतात, व्यक्ती असल्यास एकच. ‘सुबोध’ टीका ग्रंथाची, ‘बोचरी’ टीका माणसावरची. ‘सटीक आवृत्ती’त जुना अर्थ टिकून आहे, तर ‘टीकाटिप्पणी’त अर्थविवरणाचे दोन्ही शब्द कुचाळकीच्या पातळीवर उतरले आहेत. ‘भाष्य’ या शब्दाने मात्र आपली प्रतिष्ठा राखली.

जुन्या ग्रंथाचा अभ्यास करताना प्रथम काळ, मग क्रियापद, मग कर्म, या क्रमाने अर्थ निश्चित करणे इष्ट. प्रबंधलेखनात मूल्यमापनासाठी ‘समीक्षा’ व अर्थविवरणासाठी ‘टीका’ असा भेद पाळल्यास विवरणकारावर निंदेचा आरोप नकळत होण्याचा प्रसंग टळेल.