काम थांबले की चंदी आवरावी : घोड्यांचे चयापचय विकार, आहार व तपासणी

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेवरील निर्णा परिसर हा ज्वारी, तूर, हरभरा व ऊस पिकविणारा भाग आहे. अशा भागात शेतीच्या कामासाठी घोडा आता क्वचितच लागतो. लग्नाची वरात, जत्रा आणि देवाची मिरवणूक यांसाठी मात्र त्याला आजही मागणी असते. ज्या कुटुंबाची मिळकत एका घोडीवर चालते, त्या कुटुंबाचे सारे भांडवल तिच्या चार खुरांवर उभे असते.

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की, काम वर्षभर सारखे नसते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि आषाढी एकादशीला ती संपते. चातुर्मासात घोडी दावणीला उभी राहते. काम थांबते, परंतु चंदी थांबत नाही. उलट, घोडीला विश्रांती मिळाली आहे, तेव्हा तिने चांगले अंग धरावे, अशा भावनेने हरभरा, भरडा व गूळ यांचे प्रमाण वाढविले जाते. त्याच वेळी रानात हिरवे गवतही मुबलक असते. परिणामी दसऱ्याच्या सुमारास घोडी तुकतुकीत दिसू लागते आणि एके दिवशी पुढचे पाय टाकेनाशी होते. तिला मुका मार लागला किंवा नाल टोचली, असा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष पायात नसून तोबऱ्यात असतो.

चंदीची जुनी परंपरा

घोड्याला गोड व सकस खुराक देण्याची रीत या मुलखात फार जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विक्रीसाठी घेऊन चौल, जुन्नर या मार्गाने बीदरला आला होता. बीदर ही त्या वेळी बहामनी राज्याची राजधानी होती. येथील लोक घोड्यांना कडधान्य, तसेच साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात, अशी नोंद त्याने केली आहे. आळंद येथील वार्षिक जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असेही त्याने लिहिले आहे. हे आळंद आज कलबुर्गी जिल्ह्यात आहे.

तो खुराक रोज लांबच्या मजला मारणाऱ्या फौजेच्या घोड्यांसाठी होता. चंदी ही श्रमाची भरपाई होय. श्रम नसताना दिलेली चंदी शरीरात साठत जाते.

दख्खनच्या पठारावरील भीमथडी तट्टू काटकपणासाठी प्रसिद्ध आहे. दुष्काळी मुलखात थोड्या चाऱ्यावर तगून राहणे, हा अशा जनावरांचा मोठा गुण समजला जातो. परंतु जे शरीर थोडक्यात भागवू शकते, तेच शरीर भरपूर मिळाले असता चरबी झपाट्याने साठविते. म्हणूनच मोठ्या चालीच्या घोड्यांपेक्षा तट्टू जातीच्या जनावरांत हा विकार जगभर अधिक आढळतो.

विकार कसा होतो

धान्यातील पिष्ट पदार्थ व गवतातील शर्करा पचून रक्तात साखर येते. ही साखर स्नायूंपर्यंत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचे संप्रेरक स्रवते. लठ्ठ व बसून असलेल्या घोड्याच्या शरीरावर इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. तेव्हा स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडते आणि रक्तातील साखर बेताची ठेवते. माणसाच्या मधुमेहाहून घोड्याचा विकार येथेच निराळा ठरतो. घोड्यात साखर सहसा वाढत नाही, इन्सुलिन वाढते. या अवस्थेस २००२ सालापासून ‘अश्व चयापचय लक्षणसमूह’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले आहे.

वाढलेल्या इन्सुलिनचा घाला खुरावर पडतो. खुराच्या आतील हाड आणि बाहेरील कठीण कवच यांना जोडणारे नाजूक पापुद्रे असतात. ते सुजतात, ताणले जातात व सुटू लागतात. या रोगास लॅमिनायटिस म्हणतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तातील इन्सुलिन बराच काळ वाढलेले ठेवले, तेव्हा त्यांना लॅमिनायटिस झाल्याचे दिसून आले. अति धान्याने घोड्याचे पाय जातात, हा अनुभव मात्र फार प्राचीन आहे. ग्रीक भाषेत या रोगाचे नावच जवाच्या धान्यावरून पडले होते.

ओळखण्याच्या खुणा

पुढील खुणा घरच्या घरी पाहता येतात :

१. आयाळीखालील मानेचा वरचा भाग जाड व टणक होणे आणि तो एका बाजूस कलंडणे.

२. शेपटीच्या मुळाशी, खांद्यामागे व डोळ्यांवरील खळग्यांत चरबीचे गोळे दिसणे.

३. बरगड्यांवर हात फिरविला असता त्या न लागणे. निरोगी घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, परंतु हाताला सहज लागतात.

४. खुरांवर आडवी वलये उमटणे व त्यांतील अंतर टाचेकडे रुंद होत जाणे. पूर्वी येऊन गेलेल्या दाहाची ही साक्ष असते.

५. कठीण जमिनीवर आखडत चालणे, वळताना अडखळणे, पुढचे पाय पुढे रोवून भार मागील पायांवर टाकून उभे राहणे.

नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत अनेक पशुपालक घोडे खरेदी करतात. भरलेले अंग म्हणजे उत्तम प्रकृती, अशा समजुतीने तेथे किंमत ठरविणे योग्य नाही. मान व खूर तपासून मगच व्यवहार करावा.

वजन काढण्याची रीत

आहार ठरविण्यापूर्वी वजन माहीत हवे. घोडा तोलण्याचा मोठा काटा गावात नसला तरी शिवणकामाच्या टेपने वजन अजमावता येते. पुढील पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजावा. नंतर खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटीमीटरमध्ये घ्यावीत. घेराला घेराने गुणून आलेल्या संख्येस लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे अंदाजे किलोग्रॅममधील वजन होय.

उदाहरणार्थ, घेर १५० व लांबी १४० सेंटीमीटर असेल, तर वजन सुमारे २६५ किलो भरते. शाळेतील शिक्षकांनी हे गणित वरच्या वर्गातील मुलांकडून करून घेतल्यास पशुपालकांच्या घरी दर महिन्याची नोंद सहज राहू शकेल.

आहाराचे नियोजन

लठ्ठ व इन्सुलिन वाढलेल्या घोड्याची चंदी संपूर्ण बंद करावी. हरभरा, हुलगे, ज्वारी, मका, भरडा, कोंडा, गूळ, काकवी, मळी, शिळी भाकरी आणि उसाचे वाढे या सर्वांचा त्यात समावेश होतो. लग्नघरी कौतुकाने भरविला जाणारा गुळाचा खडाही अपवाद नाही.

वजन उतरविण्यासाठी दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा द्यावा. २६५ किलोच्या घोडीस हे प्रमाण सुमारे चार किलो होते. चारा अंदाजाने न टाकता काट्यावर तोलून तीन किंवा चार वेळांत विभागून द्यावा. पक्व झालेले व वाळविलेले मारवेल, पवन्या यांसारखे गवत उत्तम. ज्वारीच्या गोड ताटांचा कडबा शक्यतो टाळावा. चारा बदलताना आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने बदलावा.

वाळलेला चारा थंड पाण्यात अर्धा ते एक तास भिजवून निथळून दिल्यास त्यातील काही शर्करा निघून जाते. ते पाणी फेकून द्यावे, जनावरास पाजू नये. उन्हाळ्यात चारा याहून अधिक वेळ भिजत ठेवल्यास आंबतो. पाण्याबरोबर क्षारही निघून जात असल्याने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे. मीठ व स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे. श्रावण-भाद्रपदात मोकळ्या हिरव्या रानात घोडी दिवसभर सोडू नये. सोडावयाचीच झाल्यास श्वास घेता येईल व थोडेच गवत तोंडात येईल असे जाळीचे मुसके बांधावे.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. वजन उतरविण्याच्या घाईने घोड्यास उपाशी ठेवू नये. लठ्ठ तट्टू, गाढव व गाभण घोडी यांना अचानक उपास घडल्यास शरीरातील चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होते आणि जनावर दगावू शकते. चाऱ्याचे प्रमाण वजनाच्या सव्वा टक्क्यापेक्षा कधीही खाली आणू नये, आणि दीड टक्क्याहून कमी करावयाचे झाल्यास ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करावे.

पाय निरोगी असल्यास रोज किमान अर्धा तास जलद चालविणे हितावह असते. लंगडणाऱ्या घोड्यास मात्र मुळीच चालवू नये. त्याला वाळूच्या किंवा भुशाच्या जाड मऊ थरावर उभे करावे, खूर बर्फाने किंवा थंड पाण्याने गार ठेवावेत आणि त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. बरे वाटू लागल्यावर नालबंदाकडून खुराचा पुढे वाढलेला भाग पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कमी करून घ्यावा.

रक्ताची तपासणी

केवळ साखर मोजण्याच्या यंत्रावर विसंबून राहू नये. साखर बेताची असूनही इन्सुलिन कितीतरी वाढलेले असू शकते. म्हणून इन्सुलिनचीच तपासणी करावी लागते. साध्या तपासणीसाठी रक्त घेण्यापूर्वी निदान चार तास धान्य देऊ नये. वाळलेले गवत चालते. इन्सुलिनचे प्रमाण दर मिलीलीटरमध्ये ५० सूक्ष्म एककांहून अधिक असल्यास विकार निश्चित मानतात. २० ते ५० दरम्यान असल्यास संशय धरतात. २० पेक्षा कमी निघाल्यास विकार नाहीच, असे म्हणता येत नाही. अशा वेळी ठराविक प्रमाणात ग्लुकोज किंवा पाक देऊन पुन्हा रक्त तपासतात. ही दुसरी चाचणी पशुवैद्यकानेच करावयाची असते.

वेदना, प्रवास व भीती यांनीही इन्सुलिन वाढते. म्हणून पायाचा दाह तीव्र असताना किंवा घोडा वाहनातून उतरविताच रक्त घेऊ नये. नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. माणसांच्या तपासणीची सर्व साधने घोड्याच्या इन्सुलिनला सारखीच लागू पडत नाहीत. तेव्हा नमुना पाठविण्यापूर्वी प्रयोगशाळेकडे तशी विचारणा करावी.

घोडा पंधरा वर्षांहून अधिक वयाचा असेल, त्याचे लांब केस वेळेवर गळत नसतील, पाठीचे मांस झडले असेल किंवा तो फार पाणी पीत असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचा विकार संभवतो. त्यासाठी ‘एसीटीएच’ या संप्रेरकाची तपासणी करतात. ऋतुमानानुसार त्याचे प्रमाण बदलते व शरद ऋतूत ते नैसर्गिकपणेच वाढते, म्हणून नमुन्यावर तारीख अवश्य लिहावी. या विकारावर पेरगोलाइड हे औषध आयुष्यभर द्यावे लागते.

वर्षाचे वेळापत्रक

आषाढी एकादशीस वजन काढून चंदी आवरावी आणि मानेची जाडी मोजून ठेवावी. नागपंचमीच्या सुमारास इन्सुलिनची तपासणी करून घ्यावी. दसऱ्यास पुन्हा वजन व खूर पाहावेत. प्रकृती ठीक असल्यासच, काम सुरू झाल्यानंतर, कामाच्या मानाने थोडी थोडी चंदी वाढवावी.

कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ बीदर येथेच आहे, तर सीमेपलीकडे लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निर्णा परिसरातील पशुपालकांना तज्ज्ञांचा सल्ला त्यामुळे फार दूर नाही. पंचायतीचे अधिकारी व पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी यांनी चातुर्मासाच्या आरंभी गावातील घोड्यांची यादी करून एकाच दिवशी वजन व रक्ततपासणी आयोजित केल्यास खर्च व श्रम दोन्ही वाचतील.

लॅमिनायटिसने एकदा खुरातील हाड खाली सरकले की ते पूर्ववत होणे कठीण असते आणि वरातीची घोडी कायमची अधू होते. हा प्रसंग टाळण्यास महागड्या औषधाची गरज नाही. एक टेप, एक काटा, वेळेवर घेतलेला रक्ताचा नमुना आणि चातुर्मासात रिकामा ठेवलेला तोबरा एवढी साधने त्यासाठी पुरेशी आहेत.