भिंतीतली धाड

एरंडोलला महामार्गालगतच्या नव्या वसाहतीत वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं, की भिंतीत ‘धाड’ होते. ‘पाइपात हवा धरली’ हे त्यावरचं ठरलेलं निदान. पण हवा धरली, तर नळ फुरफुरतो. धाड होते ती धावतं पाणी एकाएकी अडवल्यामुळे.

शेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. केळीला ठिबक असलेला माणूस पुढच्या प्लॉटचा वाल उघडल्याशिवाय मागचा बंद करत नाही, आणि करतो तोही सावकाश. झटका दिला तर जोड निसटतो, कधी पाइपच फाटतो.

याचं गणित रशियाच्या निकोलाय झुकोव्हस्कींनी मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून 1898 मध्ये मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी क्षणात थांबवलं, तर लोखंडी पाइपात चौरस सेंटिमीटरला साधारण 12 किलो दाब वाढतो, पीव्हीसीत चार-पाच. सहा मीटर उंचीवरच्या टाकीचा एरवीचा दाब मात्र जेमतेम 0.6 किलो! हा धक्का पाइपाच्या टोकाला जाऊन परत येतो. तेवढ्या वेळात वाल बंद झाला, तर मार पूर्ण बसतो. घरातल्या वीस मीटर पीव्हीसी लाइनीत हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. शेतातल्या साडेचारशे मीटर लाइनीत दोन सेकंद.

जुना पिळाचा पितळी नळ हळूच बंद व्हायचा. आता पाव फेऱ्याचा नळ एका टिचकीत मिटतो, आणि मशीनचा विजेवरचा वाल त्याहून झटकन. वर प्रेशर पंप बसवला असेल, तर विचारूच नका.

म्हणून आधी मशीनच्या मागची तोटी थोडी आवळा. मशीन भरायला वेळ लागेल, पण पाण्याचा वेग उतरेल. उघड्यावरचे पाइप क्लॅम्पने घट्ट धरा. वीज जाताच मोटारीपाशी धाड होत असेल, तर गुन्हेगार एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे फिरू न देणारा वाल: परतणारं पाणी त्याचं झाकण आपटतं. तिथे स्प्रिंगचा एनआरव्ही लावावा, तो पाणी उलटायच्या आत मिटतो.

तरीही भागलं नाही, तर मशीनच्या तोटीजवळ टी टाकून फूट-दीड फूट उभा पाइप लावा आणि वरून टोपण बसवा. त्यातली हवा दबते नि धक्का पिते. म्हणजे जिच्यावर आळ घेतला, तीच इथे कामाला येते. ती हळूहळू पाण्यात विरघळते. म्हणून अधूनमधून टाकीचा वाल बंद करून वरचे-खालचे सगळे नळ उघडावेत, लाइन रिकामी करावी.