वार्धक्य आणि स्मरण

पोलादपूरच्या तहसील कचेरीत वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा प्रश्न निघाला, की सत्तरी ओलांडलेले आजोबा बांधावरच्या ऐनापासून ओढ्याच्या वळणापर्यंतच्या चतुःसीमा बिनचूक सांगतात, परंतु नुकतीच हाती आलेली अर्जाची पावती कोणत्या खिशात ठेवली, हे त्यांना आठवत नाही. घरची मंडळी त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळी होतात, हा त्या वृद्धावर निव्वळ अन्याय होय.

नव्या घटनांची नोंद घेणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील भाग उतारवयात हळूहळू आकुंचन पावतो. उलट, वारंवार उजळलेल्या जुन्या आठवणी मेंदूच्या विस्तीर्ण बाह्यावरणात रुजलेल्या असल्याने दीर्घकाळ टिकतात. भीतीची मोहोर उमटलेली आठवण तर अधिकच पक्की; म्हणूनच २००५ च्या जुलैत सावित्रीचे पाणी दुकानाच्या कोणत्या फळीपर्यंत चढले होते, हे महाडच्या बाजारपेठेतील वयोवृद्ध आजही बोटाने दाखवतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की तरुणाच्या मेंदूचा पुढील भाग ज्या कामी मुख्यत्वे एकाच बाजूने राबतो, त्याच कामी अनेक वृद्धांच्या दोन्ही बाजू राबताना दिसतात. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढलेला आढळला.

मात्र रोजची पायवाट चुकू लागली, किंवा सुट्या पैशांचा हिशेब जुळेनासा झाला, तर वयावर हवाला न ठेवता वैद्यकीय तपासणी करावी. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा विकार निघाल्यास त्यावर उपचार आहेत.