आवाज आधी, डेटा नंतर

विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत व्हिडीओ अडखळतो, छायाचित्रे जात नाहीत. साधा फोन मात्र पुष्कळदा लागतो. असे का? मोबाइल टॉवरकडे रेडिओलहरींची जागा मर्यादित असते. ती बोलणे आणि इंटरनेट यांच्यात कशी वाटायची, याचे नियम ठरलेले असतात.

संदेश दोन सेकंद उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही. संभाषणात मात्र अर्ध्या सेकंदाचाही उशीर झाला, तर दोघे एकाच वेळी बोलू लागतात. डेटा थांबू शकतो, आवाज थांबू शकत नाही.

टू-जीच्या ‘जीएसएम’ पद्धतीत 200 किलोहर्ट्झच्या प्रत्येक पट्ट्यावर वेळेचे 8 कप्पे असतात. सुमारे 4.6 मिलिसेकंदांच्या फेरीत प्रत्येकाची पाळी एकदा येते. कॉलला मिळालेला कप्पा बोलणे संपेपर्यंत त्याचाच राहतो. सगळे कप्पे भरले, की पुढचा कॉल नाकारला जातो. किती कप्पे असले म्हणजे किती कॉल नाकारले जातील, याचे सूत्र डेन्मार्कचे गणिती आग्नर एरलांग यांनी 1917 मध्येच तारांच्या टेलिफोनसाठी मांडले होते. पुढे ‘जीपीआरएस’ आल्यावर रिकामे कप्पे डेटाला मिळू लागले. काही कप्पे डेटासाठी राखूनही ठेवता येतात. बाकीचे मात्र कॉल आला की डेटाने सोडायचे असतात.

फोर-जीत असे कप्पे उरले नाहीत. ‘व्होल्टी’ कॉलमध्ये आवाजाचीही डेटासारखीच पाकिटे होतात; बोलणे चालू असताना दर 20 मिलिसेकंदांना एक. नेटवर्क ही पाकिटे ओळखून पुढे काढते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून केलेल्या कॉलला हा मान सहसा मिळत नाही. नेटवर्कच्या लेखी तो व्हिडीओसारखाच साधा डेटा असतो.

म्हणूनच पूर, अपघात किंवा चेंगराचेंगरीच्या वेळी मदतीसाठी ॲपवरून कॉल करण्यात वेळ न घालवता थेट 112 लावावा. घरच्यांना खुशाली कळवण्यासाठी एसएमएस बरा. त्याला फार थोडी जागा लागते आणि वाट मोकळी होईपर्यंत तो थांबू शकतो. एका एसएमएसमध्ये 160 इंग्रजी अक्षरे मावतात. देवनागरीत काना-मात्रा धरून 70. ‘मी सुखरूप आहे’ एवढे लिहायला ती पुरेशी आहेत.